किटलीतलं माडगं

देवी आपलं ऐकते का, ही शंका मला आयुष्यात एकदाच आली, सांगलीच्या दवाखान्यात. एकाहत्तरच्या लढाईला दोनेक वर्षं झाली असतील. कडेगावला उसाच्या भरल्या गाडीवरून मी खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून मला उताणं निजवलं. हाड सांधेपर्यंत कूसही बदलायची नाही, असं बजावलं होतं. मालक फौजेत, सरहद्दीवर. रजा मिळत नव्हती. सासूबाई उशाशी असायच्या. औंधच्या यमाईचा अंगारा लावून मी दिवसभर म्हणायची, 'आई, आता तूच बघ.'

हाडापेक्षा खाणंच अवघड झालं. पडून पडून भूक मेली, पोट दगडासारखं झालं. सासूबाईंनी केलेला शिरा पाहिला तरी उमळून यायचं. त्यात लघवीचं भांडं मागायची लाज वाटे, म्हणून मी पाणीच टाळायची. दंडाचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पाठीला जखम झाली ती काही केल्या भरेना. मग कुशीत कळा सुरू झाल्या.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "अंतराळात जाऊन आलेल्या माणसांबद्दल वाचलंय मी. तिथं वजन नाही, पायावर भार नाही. चांगलं खाऊनसुद्धा त्यांचं मांस झडतं, हाडातला चुना लघवीवाटे जातो. पडून राहिलेल्या माणसाचंही तेच होतं. आणि तुम्ही तर खातच नाही. पाणी नाही, डाळ-उसळ नाही, तर मूतखडे होतील, जखम चिघळेल. मग माझाही इलाज चालायचा नाही."

शेवटचं वाक्य छातीत रुतून बसलं. त्याच आठवड्यात सासूबाई तापानं फणफणल्या, त्यांना गावी न्यावं लागलं. मी एकटी उरले. छताकडं बघत वाटायचं, आपण आतून विरघळत चाललोय आणि आपली हाक औंधच्या डोंगरापर्यंत पोचतच नाही. डोळे मिटायचीसुद्धा भीती वाटायची.

अशात एका सकाळी एक बाई दारात उभी राहिली. कपाळभर कुंकू, खांद्यावर घोंगडं, हातात किटली. बोलण्यावरून जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली वाटली. शेजारच्या खाटेवरच्या भाचीला बघायला आली होती. पण भाचीला आदल्याच दिवशी घरी सोडलं होतं. रिकामी खाट बघून ती वळली आणि माझ्यापाशी थांबली.

"तुजं कोन न्हाई व्हय गं हितं?"

मी मान हलवली.

"मग ह्ये तूच पी. हुलग्याच्या पिठाचं माडगं हाय. भाचीसाठनं आनलं हुतं."

"नको मावशी. मग भांडं मागावं लागतं."

ती खाटेच्या कडेला टेकली. "त्येच्यापायी उपाशी मरतीस? आगं, मी हाय की. कवा बी सांग. लेकीचं करताना आईला लाज वाटती व्हय?"

माझं डोकं हातावर तोलून तिनं घोट घोट पाजलं. मग पाणी. दुपारी मी न मागताच भांडं दिलं, उचललं, अंग पुसलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातच पथारी टाकून ती राहिली. रोज कुठून तरी उसळ, ताक, भाकरी आणून भरवायची आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं माझे हात हलवून घ्यायची. पोट मोकळं झालं. एक दिवस जीव घेणाऱ्या कळा येऊन बारीकसा खडा पडला. पाठीची जखम कडेनं भरू लागली.

सासूबाई परतल्या त्या सकाळी व्हरांडा रिकामा होता. ती कुठल्या गावची, हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नपाणी गेलं म्हणून तुम्ही सावरलात. त्यांचं खरंच आहे. अन्नपाणी कुणी धाडलं, एवढंच मी मनाशी ठेवलं.

पुढं मी काठी घेऊन उभी राहिले. पाय थोडा आखूड राहिला, पण चालते. सगळं आईवर टाकून निपचित पडणं म्हणजे शरण जाणं, असं मला तेव्हा वाटायचं. तिनं पुढं केलेला हात न लाजता धरावा, हे मला त्या खाटेवर उमगलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हात जोडताना मी आता कुणाचंच नाव घेत नाही, नुसती 'आई' म्हणते.