दोन हिवाळ्यांचं लाकूड

ज्वलन या विषयावर जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला चार वर्षं डोकेफोड करून मी पीएचडी मिळवली, आणि स्वतःच्या घरात लाकडाची शेगडी घ्यावी की पेलेटची, हे मला तीन महिने ठरवता आलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

घाई होती ती बाबांमुळे. आई गेल्यावर ते सांगलीला एकटेच राहत होते. व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा, पण मागच्या हिवाळ्यात ते तीन आठवड्यांतच परत गेले. "घरचा नळ गळतोय," म्हणाले. नळ ठणठणीत होता, हे मला मागाहून शेजारच्या काकूंनी स्काइपवर सांगितलं. आमचं इथलं खेड्यातलं जुनं घर काही केल्या तापत नव्हतं, आणि लेकीच्या घरी काही मागायचं नाही, हा बाबांचा बाणा. गारठून बसतील, पण दुसरं पांघरूण मागणार नाहीत. याही खेपेला असेच निघून गेले तर ते पुन्हा यायचे नाहीत, याची मला धास्ती होती.

नवरा लाकडाच्या बाजूचा. "ऊब असावी तर तशी," म्हणायचा. रोजची राख कोण काढणार, याबद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी. मला पेलेटची बरी वाटायची. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या त्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. पोतं वर ओतलं की शेगडी आपली आपण पेटते, आपण खाते. आम्ही दोघं ऑफिसात असताना बाबांना उठायला नको. पण वीज गेली की तीही गेली. मग वाटायचं, लाकडाचीच बरी. आणि लाकूड ओलं निघालं तर? कागदावर दोन रकाने आखले की दोन्ही सारखेच भरायचे. शेवटी शोर्नस्टाइनफेगरला बोलावलं. धुराडी तपासणाऱ्या या माणसाच्या होकाराशिवाय इथे घरात शेगडी पेटवता येत नाही. त्याने धुराडं खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "तर मग, दोन्ही चालतील." मला रडूच यायचं बाकी होतं.

ऑक्टोबरात बाबा आले तरी ठरलेलं नव्हतंच. मग त्यांनाच दुकानात नेलं. उभा जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे काढलेला माणूस, त्यांना नाही कळणार तर कुणाला? दुकानात दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. लाकडाच्या शेगडीपुढे ते जेमतेम मिनिटभर थांबले. पेलेटच्या शेगडीपुढे मात्र वाकून बराच वेळ कांड्या पडताना बघत राहिले.

"बाबा, कुठली घेऊ?"

"तुला नि जावईबापूंना सोयीची पडेल ती घ्या. मला काय, कुठलीही चालते."

"पण तुम्हाला कुठली आवडली?"

"दोन्ही चांगल्या आहेत की."

म्हणजे हे शोर्नस्टाइनफेगरचेच भाऊ! ज्या शेगडीपुढे ते जास्त वेळ उभे होते, ती मी घेऊन टाकली.

घर छान तापलं. बाबा दिवसभर शेगडीसमोर हात मांडीवर ठेवून बसायचे. चार-पाच दिवसांनी म्हणाले, "हिला माणूस लागतच नाही." हे कौतुक होतं की तक्रार, मला कळेना. आणि मग एकदा जेवताना नळाचा विषय निघाला. पुन्हा गळत असेल, म्हणे. आपलं काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, पण काय चुकलं ते काही उमगत नव्हतं.

त्यानंतर त्यांच्या स्वेटरवर झाडाची सालपटं दिसायला लागली. विचारलं तर, "फिरून आलो." एका शनिवारी शेजारच्या म्हाताऱ्याने मला कुंपणापाशी थांबवून बाबांचे आभार मानले. आम्ही ऑफिसला गेलो की बाबा त्याच्याकडे लाकडं फोडायला जात होते. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला जर्मन. "मी गेनाऊ म्हणतो, ते हां हां म्हणतात, काम होतं," म्हातारा म्हणाला. गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. "त्यांच्या वाट्याचं लाकूड तुमच्याच घरामागे रचलंय की. पाहिलं नाहीस?"

नव्हतं पाहिलं. मागे गेले तर भिंतीलगत छातीएवढी थप्पी आणि तिच्यापुढे बाबा, एकेक तुकडा साल वर करून बसवत होते.

"बाबा, हे ओलं आहे."

"माहितेय. दोन हिवाळे हात लावायचा नाही याला."

"पण आपली शेगडी पेलेटची आहे! तिच्यात लाकूड जात नाही."

"मग दोन वर्षं आहेत की तुला," हातातला तुकडा फिरवून बसवत ते म्हणाले. "तोवर लाकडाची एक बघून ठेव. मी आलो की पेटवू."

मी खाली पडलेला एक तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला.

"आणि हातमोजे असतील तर आण गं," बाबा म्हणाले. "बोटं गारठलीत."

मी घरात धावले.