नार्तंगायचं पिवळं झाड

आजारातून उठल्यावर आईचं अन्न तुटलं ते तुटलंच. दहीभात घशाखाली उतरायचा तो एकाच गोष्टीच्या जोरावर. परसातल्या नार्तंगायची, म्हणजे त्या जाड सालीच्या मोठ्या लिंबाची, पानं मिरची-हिंगाबरोबर वाटून केलेली वेप्पिलकट्टी. विकतची पुढे केली की तोंड फिरवायची. आणि नेमकं त्या उन्हाळ्यात झाडच पिवळं पडू लागलं.

माझा जीव टांगणीला लागला. मी मूळची घाबरट, काळजी वाटली की हात चालवायचे एवढंच मला येतं. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत नळाचं गोडं पाणी जेमतेम पिण्यापुरतं, म्हणून झाडाला बोअरचं. पानं आणखी पिवळी झाली की आणखी एक बादली. बुंध्याभोवती पांढरा थर जमला, तो मी दारातल्या कोलमचं, रांगोळीचं पीठ वाऱ्याने उडून आलं असेल म्हणून झाडून टाकत राहिले.

शेजारच्या मामींनी तो बोटावर घेऊन चाखला. "पीठ कसलं? उप्पु आहे हे! बोअरच्या पाण्यातून झाडाला मीठ चारतेस की ग. आता हात आवर, पावसाची वाट बघ."

अति तिथे माती, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत असताना हात बांधून कशी बसू?

आमच्याकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमारास लागतो, तसा लागला, सलग तीन दिवस. माझ्या बादलीचं पाणी बुंध्याशी भसकन पडून वाहून जायचं. हे पावसाचं सावकाश साऱ्या परसभर मुरलं, पानांवरची धूळ धुतली, मीठ विरघळवून खोल घेऊन गेलं. तरी मी तासातासाला छत्री घेऊन परसात. मुळं कुजली तर?

पंधरवड्याने शेंड्यांना पालवी फुटली. मी पुढचामागचा विचार न करता मूठभर खुडली आणि आईच्या नाकाशी धरली. तिने वास घेतला आणि भडकलीच.

"कोवळी तोडलीस की ग? एवढ्या हालातून उठलेलं झाड ते! पोंगलपर्यंत शिवायचं नाही त्याला."

"मग तू जेवशील कशाशी, अम्मा?"

तिने ताट ओढलं आणि नुसत्या दहीभाताचा घास तोंड वाकडं करत गिळला. मग दुसरा. रागारागानेच तिने ताट संपवलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.