टाकी रिकामी करण्याचा हुकूम

माझ्या थोरल्या भावाला कामावर सगळे कार्बनराव म्हणतात. त्याच्या शर्टाच्या खिशात कार्बन पेपरची घडी कायम असते आणि खिशाला निळा डाग. तो डाग घालवायचा नाद वहिनीने केव्हाच सोडला. घरात किराणा आणायचा असला तरी हा यादीखाली कार्बन घालतो आणि वर वहिनीची सही मागतो. "उद्या म्हणशील, साखर आणायला तुम्हाला सांगितलं कुणी?" वहिनी म्हणते, "लग्नाच्या वेळी कुठे होता हा कागद? तेव्हा मीच बरंच काही लिहून घेतलं असतं."

लोक हसतात. हसोत बापडे. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझा भाऊ असा जन्मला नव्हता, त्याला असं करून ठेवलं. आणि ज्याने केलं, त्याला मी अकरा वर्षं पाण्यात पाहत होते.

आम्ही दोघं शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात कामाला. दादा ऑपरेटर, मी प्रयोगशाळेत. शहराने सोडलेलं पाणी दादा आत घेतो, टाक्यांमधून फिरवतो आणि नदीत सोडतो. ते खरंच स्वच्छ झालंय का, हे मी बाटल्या भरभरून तपासते. शहर जे एकदा साखळी ओढून विसरतं, त्यावर आमची चूल पेटते. आमचे बाबा गवंडी. केंद्राची पहिली गोल टाकी बांधली तेव्हा तिच्या तळावर शेवटची थापी बाबांनी फिरवली होती. दादा नोकरीला लागला त्या सकाळी ते एवढंच म्हणाले होते, "माझी टाकी सांभाळ."

आता टाकीचं एक सांगायला हवं. जमिनीत बांधलेली टाकी दिसते तेवढी घट्ट बसलेली नसते. भोवतीच्या मातीत पाणी चढलं की ते टाकीला खालून वर ढकलतं. टाकीत पाणी असतं तोवर ती त्या वजनाने बसून राहते. भरल्या बादलीत रिकामं पातेलं दाबून बघा, म्हणजे कळेल. म्हणून टाकी रिकामी करण्याआधी कोपऱ्यात पुरलेल्या नळीत फीत सोडायची आणि जमिनीतलं पाणी किती वर आलंय ते मोजायचं. ते वर असेल तर पंप लावून आधी ते उपसायचं. हा नियम आमच्याकडे झाडूवाल्यालाही पाठ आहे.

अकरा वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, आमच्या तेव्हाच्या उपअभियंत्याने बाबांची टाकी साफसफाईसाठी रिकामी करायला सांगितली. त्याला आम्ही तोंडीसाहेब म्हणायचो, कारण त्याचा प्रत्येक हुकूम तोंडी. कागदावर शाई म्हणून लावायचा नाही. दादाने नळी मोजली आणि त्याला सांगितलं, "साहेब, पाणी वर आहे, टाकी उचलेल." साहेब म्हणाला, "तू मला शिकवणार? उघड व्हॉल्व्ह." दादाने उघडला.

दुसऱ्या दिवशी टाकी एका अंगाने वीतभर वर आली. जोडलेले पाइप मोडले. दोन दिवस सगळी घाण ओढ्यात वाहत होती आणि ओढ्याकाठची माणसं आमच्या फाटकावर येऊन शिव्या देत होती. चौकशी झाली. लॉगबुकात दादाच्या अक्षरात एकच ओळ होती, "टाकी रिकामी केली," आणि खाली दादाचीच सही. साहेबाने हात झटकले. "मी असा हुकूम देईन? आणि पाणी वर आहे हे मला कोणी सांगितलंच नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. दादा आठ महिने निलंबित होता. परत घेतला तेव्हा त्याला जाळीवर टाकलं. शहरातून येणाऱ्या घाणीतल्या चिंध्या, पिशव्या आणि काय काय ते दाताळ्याने ओढून काढायचं. तीन वर्षं तो ते काम करत होता.

पण ते त्याने सोसलं. बाबांचं सोसवलं नाही.

बाबांनी त्याला एकदाच विचारलं. "साहेबाने सांगितलं म्हणतोस. मग लिहिलेलं कुठाय?" दादा म्हणाला, "तोंडी सांगितलं, बाबा." बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं मी वीटसुद्धा लेखी मापाशिवाय लावली नाही. लिहिलेलं दाखव, मग बोल." पुढे ती टाकी हातोड्यांनी फोडून काढली. बाबा ते बघायला गेले, दिवसभर उन्हात उभे राहिले आणि घरी येऊन आपलं ताट उचलून आतल्या खोलीत जाऊन बसले. तेव्हापासून दादा जेवायला असला की बाबांचं ताट आत. अकरा वर्षं! एका भिंतीच्या अल्याड एक जेवतोय, पल्याड दुसरा, आणि मधे मी भाजी वाढत फिरतेय. त्या साहेबाचं वाटोळं व्हावं असं मला रोज दोन वेळा, जेवणाच्या वेळेला, वाटायचं. मी सभ्य बाई नाही, असं कोणी म्हटलं तरी चालेल.

दादाने मात्र शिव्या दिल्या नाहीत. त्याने कार्बन घेतला. पुन्हा ऑपरेटर झाल्यावर रोज सकाळी शिफ्टवर आला की पहिल्यांदा नळीत फीत सोडायची आणि माप वहीत उतरवायचं. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, "काय मिळतं तुला त्या भोकात डोकावून?" तो म्हणाला, "शहर वाढतंय. नव्या टाक्या लागतील. बांधायला तो येईल."

आणि आला की! मधल्या काळात तोंडीसाहेब मुख्य अभियंता झाला होता आणि केंद्राचा विस्तार त्याच्याकडेच आला. जुन्याच्या दुप्पट मापाच्या दोन टाक्या. पहिल्याच दिवशी त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "काय कार्बनराव, झालं गेलं विसरलात ना?" दादा म्हणाला, "तुम्ही विसरलात ना, मग झालं."

पहिली टाकी बांधून झाली. गळती बघायला ती काठोकाठ भरून सात दिवस ठेवली. पाणी किती उतरतं ते कळावं म्हणून आतल्या भिंतीवर समोरासमोर दोन मापपट्ट्या रंगवल्या होत्या. टाकी थेंबभरही गळली नाही. काम चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू? आता ती रिकामी करून तळातला गाळ ओढणारं यंत्र बसवायचं होतं, आणि उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं. पण टाकी भरल्यावर कंत्राटदाराने तिच्याभोवतीचे उपसा पंप काढून दुसऱ्या टाकीच्या खड्ड्याला लावले होते. पावसाळा नुकताच सरला होता.

त्या सकाळी मी बाटल्या धूत होते, तेव्हा दादा आत आला. "नळीत पाणी तळापासून सव्वादोन मीटर वर आहे. आणि साहेब आज रिकामी करा म्हणणार आहे."

माझ्या अंगात वीज आली. "मग गप्प बस. सांगेल तसं कर. उचलू दे टाकी, पडू दे त्याच्या टाळक्यात!"

"पडेल माझ्याच टाळक्यात. मागच्यासारखी." त्याने खिशातून कार्बनचे दोन कोरे ताव काढले आणि लॉगबुकात नीट घातले. "तू पलीकडच्या पट्टीपाशी उभी राहा. मी विचारीन तेव्हा माप ओरडून सांग. आणि टाकी भरायची लाइन मी जोडून ठेवलीय, तिला कोणी हात लावू देऊ नकोस."

"ती कशाला?"

"टाकीने काय वाकडं केलंय आपलं?" तो म्हणाला.

साहेब लवाजमा घेऊन आला. कंत्राटदार, चार-पाच कनिष्ठ अभियंते, आणि उद्घाटनाची जागा बघायला आयुक्तांच्या कार्यालयातल्या एक अधिकारी बाई. मी टाकीच्या पलीकडच्या काठावर होते, पण पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो.

"उघडा व्हॉल्व्ह. संध्याकाळपर्यंत कोरडी पाहिजे."

"साहेब, जमिनीतलं पाणी तळापासून सव्वादोन मीटर वर आहे. पंप परत लावा, चार दिवस उपसा होऊ दे. आत्ता रिकामी केली तर उचलेल."

साहेब बाईंकडे बघून हसला. "याचं हे नेहमीचं रडगाणं. अकरा वर्षांपूर्वीही हेच सांगत होता. पाणी वर आहे, टाकी उचलेल! ऐकत बसलो असतो तर एक काम झालं नसतं."

चौकशीत शपथेवर बोललेलं, 'मला कोणी सांगितलंच नाही' हे वाक्य, या माणसाने आत्ता हसत हसत स्वतःच गिळलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता. दादा मान खाली घालून लॉगबुकात लिहीत होता.

"हुकमावर सही द्या, साहेब. लगेच उघडतो."

"सही कशाला? मी उभा आहे ना इथे!"

अधिकारी बाई म्हणाल्या, "एवढं म्हणतायत तर देऊन टाका ना. त्यात काय?"

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. पदोन्नतीपासून साहेबापुढे दिवसाला दोनशे कागद येत, आणि तो सगळ्यांवर न वाचता सही ठोकत असे. हे केंद्रातल्या शिपायालाही ठाऊक होतं. दादाने बोट ठेवलं तिथे त्याने फर्रकन सही केली. दादाने खालच्या दोन्ही प्रती फाडल्या, एक बाईंच्या हातात दिली, "ही आयुक्तांची," आणि एक खिशात घातली. मग व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. मी ओरडायची, "दोन मीटर!" पलीकडून दादा म्हणायचा, "दोन!" साहेब जेवून आला, दात कोरत काठावर उभा राहिला. "उचलली का तुमची टाकी?"

"पंचाण्णव सेंटिमीटर!" मी ओरडले.

दादा आपल्या पट्टीवर वाकला. "इकडे ब्याण्णव."

पाणी कधी तिरपं होत नाही. तिरपी झाली होती ती टाकी. भिंतीलगतच्या मातीला बोटभर भेग पडली होती आणि जमिनीतून पाइपचा कण्हल्यासारखा आवाज आला. ते तीन सेंटिमीटर साहेबाला सगळ्यांच्या आधी कळले. इंजिनिअर होता शेवटी. "बंद कर! बंद कर, टाकी उचलतेय!"

दादाचे दोन्ही हात चाकावर होते. ते हलले नाहीत.

"लिहून द्या, साहेब."

मी देवाशप्पथ सांगते, अकरा वर्षांत मला एवढं सुख मिळालं नव्हतं. त्या माणसाने गुडघ्यावर वही ठेवून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात हुकूम लिहिला. दादाने तो सावकाश वाचला. मग चाक फिरवलं, भरायची लाइन सुरू केली, आणि अंधार पडायच्या आत टाकी पुन्हा आपल्या जागी बसली. एक सांधा तेवढा तडकला. चाकावर मी असते तर टाकी पुरती उपटू दिली असती.

उद्घाटन रद्द झालं. बाईंनी आपली प्रत गाडीतच वाचली होती. आठवड्याच्या आत साहेब सक्तीच्या रजेवर गेला आणि जुन्या चौकशीची फाइल उघडली.

पण ते पुढचं. त्याच संध्याकाळी दादा हातपाय धुऊन थेट आतल्या खोलीत गेला आणि बाबांच्या ताटाशेजारी ती निळी प्रत ठेवली. बाबांनी चष्मा लावला. अक्षराखाली बोट फिरवत, पुटपुटत वाचलं.

'जमिनीतले पाणी तळापासून सव्वादोन मीटर वर. टाकी उचलेल असे सांगितले. तरी रिकामी करण्याचा हुकूम. साहेब म्हणाले, अकरा वर्षांपूर्वीही हा हेच सांगत होता.' खाली फर्राटेदार सही.

बाबांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग हात लांब करून आपलं ताट थोडं सरकवलं, शेजारी दुसरं मावेल एवढं. वहिनी दारातच रडायला लागली. दादा खाली बसला.

चष्मा काढत बाबांनी विचारलं, "त्या साहेबाचा बाप आहे का रे?"

"आहे. तुमच्याच वयाचा असेल. लेकाचं फार कौतुक सांगत असतो म्हणे."

बाबांनी कागदाची घडी घातली आणि दादापुढे धरली. "ही त्याला नेऊन दे. माझी वाचून झाली."

दादा म्हणाला, "त्यांचा काय दोष, बाबा?"

"माझा काय होता?"

दादाने हात पुढे केला नाही. मी केला. घडी ब्लाउजमध्ये खोचली आणि आधी दोघांना भाजी वाढली. पत्ता मला अकरा वर्षांपासून पाठ होता.