सोमारीबाईचा जाळीचा चेहरा

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर पोह्यांची कढई, आणि आमचे हे बल्लारपूरच्या ड्युटीआधी एक हरवलेला मोजा शोधत घरभर फिरत होते. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात पन्नाशीची एक बाई. डावा जबडा आत गेलेला, बोलणं उजव्या कोपऱ्यातून. गळ्यात दवाखान्याचं ‘रुग्णमित्र’ लिहिलेलं कार्ड. पण माझी नजर खिळली ती तिच्या कापडी पिशवीवर. पिशवीतून एक पांढरा, जाळीजाळीचा चेहरा बाहेर डोकावत होता. नाक, हनुवटी, सगळं होतं, फक्त माणूस नव्हता.

“बाई, कानात बाळी, खांद्यावर लाल दुपट्टा अन् हातात खताची पिशवी, असा बुढा पाह्यला का?”

पाहिला होता. पहाटे मी अंगण झाडत असताना त्यानं मला बसस्टँडचा रस्ता विचारला होता.

“अहो, मीच रस्ता दाखवला!”

“मंग आता मलेही दाखवा. दहा वाजता त्याचा पयला शेक हाये. गावाले गेला तर तो परत येत नाई.”

आमच्या गल्लीमागे कॅन्सरच्या रुग्णांची धर्मशाळा आहे. रेडिएशनला तिथे सगळे शेक म्हणतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी गॅस बंद केला.

“आणि पोहे?” ह्यांनी विचारलं.

“कढईत आहेत.”

स्कूटीवर मागे पिशवी पोटाशी धरून ती बसली. मी विचारत गेले, ती सांगत गेली. नाव सोमारी, गाव धानोऱ्याच्या पुढे जंगलात. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत कंबरदुखी विसरायला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा; शेताच्या एका बांधीला एक पुडी. सात वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे जबड्याचा तुकडा काढला. तेव्हा दवाखान्यात तिच्याशी गोंडीत बोलणारं कोणी नव्हतं. बरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला तिथेच ठेवून घेतलं. नवीन रुग्णाचे कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे, धर्मशाळेत खाट कशी मिळवायची, घशाखाली उतरेल अशी आंबील किती पातळ करायची, हे ती दाखवते.

“अन् कोणी रडून राह्यलं तर त्याच्याजवळ बसाचं. बोलाचं नाई. हे काम कार्डावर नाई लिहलं.”

गडचिरोलीची बस सुरूच होऊन उभी होती. लाल दुपट्टेवाले ते म्हातारे, वारलूकाका, खिडकीशी बसलेले.

“जोहार, काका!” म्हणत सोमारीबाई वर चढली. मी मागोमाग. पुढचं सगळं गोंडीत. मला त्यातला एकच शब्द कळला, तोही तीनदा आला: करंट.

कंडक्टर वैतागला. “मावशी, देऊ का घंटी?”

“दे ना. बुढ्याले उतरू दे पयले.”

तेव्हा वारलूकाका त्याच्याकडेच वळले. “तूच सांग भाऊ. धर्मशाळेत एक जण बोलला, उद्या तुले करंट देतीन. आमच्या गावात करंट डुकराले लावते. धान खाते म्हून. तार लावली का सकाळी डुक्कर पडून राह्यते. मी कोणाचं धान खाल्लं?”

कंडक्टरचा हात दोरीवरच थांबला. आमच्याकडे करंट म्हणजे पाण्याच्या मोटारीचा झटका. या शब्दाला आणखी एक अर्थ असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सोमारीबाईनं पिशवीतला चेहरा काढून स्वतःच्या तोंडावर बसवला. आत गेलेल्या जबड्यावर जाळीही तशीच आत गेलेली. माणसं वळून पाहू लागली.

“हा माहा. पिलास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून माह्याच तोंडावर बसवली होती. शेकाच्या वेळी मान हलू नये म्हून. तेहतीस वेळा याच्याखाली झोपली मी. डुक्कर एका टायमात मरते. मी तेहतीस टायमात काऊन नाई मेली?”

काकांनी जाळीच्या नाकाला बोट लावलं. “दुखते?”

“तवा नाई. पंधरा दिवसानं तोंड सोलते, चव जाते. खोटं नाई सांगत. पण तार नाई लावत.”

“अन् चव गेल्यावर?”

“बायकोच्या भाजीले नाव ठेवता येत नाई, बस.”

गालावर हात धरून काका हसले. उठले. बसच्या दारात कंबरेची खर्र्याची पुडी काढून त्यांनी कंडक्टरपुढे धरली.

“मले नको, माही हाये माह्याजवळ.”

“ठेव सांभाळून,” सोमारीबाई म्हणाली. “तुह्या चेहऱ्याचंही माप घेतीन मंग.”

दोघांना ऑटोत बसवून मी घरी आले. दुपारभर मन तिकडेच होतं. शेकाला आत जाताना काका पुन्हा पळाले तर?

चारच्या सुमारास पुन्हा कडी वाजली.

“झाला शेक. बाहेर आला अन् चहा मांगतला,” सोमारीबाई म्हणाली. मग आमच्या दारावरच्या नावाच्या पाटीकडे बघत राहिली. “हे कोणं लिहलं?”

“मीच रंगवली.”

“मंग धर्मशाळेच्या भिंतीवर लावाले एक पाटी लिहून द्या.”

“पण वारलूकाकांना वाचता येतं का?”

“त्याले नाई येत. करंट सांगणाऱ्याले येते. मोठ्या अक्षरात लिहा, बाई: दवाखान्यात शेक देतात, करंट नाही.”