राक्षसाची बडबड

आमच्या ह्यांना राक्षस करायचं ठरलं तेव्हा घरात एकटी मीच नको म्हणत होते. शिंगं लावा, शेपूट लावा, त्याचं मला काही नव्हतं. माझा जीव अडकला होता टेकडीच्या चढात. ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवून अजून वर्षही झालं नव्हतं, आणि खेळ होता कळंब्याच्या पुढच्या चढउताराच्या बागेत. तिथं सपाट जमीन म्हणाल तर गाड्या लावायच्या जागेपुरती.

खेळ आणला आमच्या लेकीनं. बंगळूरला नोकरीला असताना ती तो शिकली. आता तीच नोकरी घरी बसून करते आणि रविवारी सकाळी आम्हाला कामाला लावते. खेळ तसा सोपा. हातात प्लॅस्टिकची तबकडी, समोर लांबवर खांबाला लावलेली लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्या लोंबतात. कमीत कमी फेकीत तबकडी टोपलीत घालायची आणि पुढच्या टोपलीकडं चालू लागायचं. आमच्या टोपल्या उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेल्या, सायकलच्या जुन्या चेन लावून. तबकडी बसली की अशा खळखळतात की झाडावरचे बगळे उडतात.

नुसत्या फेकाफेकीत आमच्या लोकांचं मन रमेना, म्हणून लेकीनं त्यात राक्षस, जादूगार आणि शाप घातले. शेजारचे फौंड्रीवाले बायकोचा जुना शालू पांघरून जादूगार झाले. बेकरीवाले चाचा यक्ष. ते वाटेत अडवून कोडं घालतात आणि उत्तर चुकलं तर त्यांच्या पिशवीतली खारी मिळत नाही. मला चेटकीण केलं. पोशाख काय करू म्हणून विचारलं तर जादूगार म्हणाले, ‘‘वैनी, हाय तसं या की.’’

डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. चढालाही त्यांची हरकत नव्हती. म्हणाले, चढताना बोलता आलं पाहिजे, बोलता येईनासं झालं की थांबायचं आणि बसायचं. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. त्याला कारणही होतं. ज्या सकाळी ह्यांना झटका आला, त्या सकाळी हे न्हाणीघराच्या दारात स्टुलावर गप्प बसले होते. छातीत दुखतंय म्हणाले नाहीत, हाक मारली नाही. वारणानगरच्या बाजूला मिलमध्ये यंत्रांच्या घरघरीवर ओरडून बोलण्यात ह्यांचा जन्म गेला. ह्यांची जीभ टाळूला लागत नाही असं सगळी गल्ली म्हणते. तो माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि पुढं काय झालं तेही पाहिलं. तेव्हापासून घरात जरा शांतता झाली की मी हातातलं काम टाकून ह्यांना बघायला जाते.

म्हणून बागेत मी नेहमी ह्यांच्या मागं चालायचे. तबकडी कुठं पडली याच्याशी मला देणंघेणं नसायचं. हे शिंगं सावरत पुढं, आणि तोंडाचा पट्टा चालू: मिलमधला कुठला तरी साहेब, कुणाची तरी म्हैस, पन्हाळ्यावर कुणाच्या तरी लग्नात झालेलं भांडण. ह्या सगळ्या गोष्टी मी आधी ऐकलेल्या. मी ऐकत असायचे ते दोन शब्दांमधलं अंतर. ते वाढलं, वाक्य मध्येच तुटलं, की मी मागून म्हणायचे, ‘‘मग? पुढं काय झालं?’’ गोष्ट पुन्हा सुरू झाली की माझा जीव भांड्यात पडायचा. वर पोचेपर्यंत ह्यांचं तोंड लालबुंद व्हायचं, घामानं कागदी शिंगं ओली व्हायची. मला वाटायचं, चढच तेवढा आहे.

तबकडी घाणेरीच्या झुडपात गेली तर शापाची चिठ्ठी उचलायची, हा आमचा नियम. कुणाला डाव्या हातानं फेकावं लागतं, कुणाला उलटं चालावं लागतं. सगळ्यात वाईट चिठ्ठी मौनाची. टोपलीत तबकडी पडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, आणि काढलं तर पायथ्याला परत जाऊन पुन्हा चढून यायचं. आमच्यात आजवर ती कुणाला पुरी करता आली नव्हती. यक्ष तर शाप वाचूनच ‘या अल्ला’ म्हणाले होते आणि तिथंच बाद झाले होते.

त्या रविवारी सगळ्यात उभ्या चढाच्या पायथ्याला ह्यांची तबकडी घाणेरीत गेली. ह्यांनी चिठ्ठी उघडली, वाचली, घडी करून खिशात घातली आणि ओठांवर बोट ठेवलं. सगळे हसायला लागले. जादूगार म्हणाले, ‘‘राक्षसाची बोलती बंद झाली की वो.’’

माझी मात्र पाचावर धारण बसली. मी लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, ‘‘बदल ती चिठ्ठी.’’

‘‘आई, खेळ हाय गं. बाबा मजेत हायत, बघ की.’’

हे चढायला लागलेसुद्धा. मी मागं. चपलांखाली खडी वाजत होती, लांब कुठं तरी साखळ्या खळखळत होत्या, आणि ह्यांच्याकडून काही नाही. मी म्हटलं, ‘‘अवो, बरं वाटतंय न्हवं?’’ ह्यांनी मागं न बघता हात वर केला. हात काय, माणूस कसाही असला तरी वर करतो. पुन्हा विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण चुकून उत्तर दिलं तर हा हट्टी माणूस खाली जाऊन पुन्हा चढेल याचीही भीती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. तेवढ्या चढात मी मनातच दवाखाना गाठला, नातेवाइकांना फोन केले, नको नको ते सगळं करून झालं.

वळणावर करंजाची झाडं आहेत. हे त्यांच्याआड गेले आणि दिसेनासे झाले. मी पदर खोचून धावले. माझाच श्वास फुलला.

वर टोपलीजवळच्या दगडावर हे बसले होते. शिंगं काढून मांडीवर ठेवलेली, डोळे मिटलेले.

‘‘अवो.’’

मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला.

‘‘अवो, बोला. चुलीत जाऊ दे तो खेळ.’’

ह्यांनी डोळे उघडले, मला थांबायची खूण केली, उठले, चालत टोपलीपाशी गेले आणि तबकडी आत टाकली. साखळ्या वाजल्या. मग वळून म्हणाले, ‘‘झालं. सुटलो.’’

मी तिथंच दगडावर बसले. रागही आला होता आणि रडूही. ‘‘जीव घेतला माझा. डोळं मिटून कशापायी बसलाय?’’

‘‘वारं लागत होतं ते घेत होतो.’’ हे माझ्या शेजारी बसले. त्यांचा चेहरा लाल नव्हता. कपाळावर घाम होता तेवढाच. ‘‘आज मधी एकदा बी थांबलो न्हाय बघ. दम बी लागला न्हाय.’’

‘‘मग दर रविवारी का लागतोय?’’

हे ओल्या शिंगांचा कागद सरळ करत बसले. मग म्हणाले, ‘‘दर रविवारी बोलत चढाय लागतंय की. तू मागनं कान लावून असतीस. मी गप झालो की तुझं पाऊल चुकतंय, कळतंय मला. मग कुणाची तरी म्हैस आणायची आणि वरपतोर पुरवायची. त्यातच निम्मा दम जातोय.’’

हे ते हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. बोलता आलं पाहिजे, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलत राहायला त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी लावलं होतं. ज्या श्वासाची मी राखण करत होते, तोच हा माणूस दर चढाला माझ्यावर खर्च करत आला होता, आणि वर पोचल्यावर मी त्याच्याच लाल तोंडाकडं बघून आणखी घाबरत होते. मला त्यांची दया आली आणि माझीही आली.

बाकीचे आले. यक्षांनी शाप पुरा केल्याबद्दल ह्यांना दोन खाऱ्या दिल्या. पुढच्या टोपलीकडं परत चढच होता. हे उठले, शिंगं डोक्यावर बसवली आणि सवयीनं सुरुवात केली, ‘‘आमच्या मिलमधी एक फिटर होता...’’

‘‘गप चढा,’’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ते चढायला लागले. दोन वळणं पुढं वाट पुन्हा झाडांत शिरत होती. तिथं पोचल्यावर ते वळून क्षणभर थांबले आणि आड गेले. काही ऐकू येईना. माझे पाय पुढं ओढ घेत होते. तरी मी आहे तिथंच उभी राहिले, कारण मी धावले असते तर त्यांना पुन्हा बोलायला लागलं असतं.