थोरलीसाठी बर्फ

ससा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ओंजळीत मावणारं, पांढरंशुभ्र काहीतरी येतं. आमच्या मागीलदारी आलेल्या माणसाची मात्र बोलतीच बंद होते. आमची थोरली पाय ताणून आडवी झाली की मोरीच्या कठड्यापासून तुळशीपर्यंत पुरते. कान माझ्या तळहातापेक्षा लांब, आणि हनुवटीखाली गुबगुबीत वळी, तिच्यावर तोंड टेकवून ती डोळे मिटून बसते. गॅसवाला पहिल्यांदा आला तेव्हा सिलिंडर दारातच ठेवून दोन पावलं मागे सरकला आणि विचारता झाला, वहिनी, हे चावतं का? ती नुसती बघत राहिली त्याच्याकडे. कुणाला घाबरून पळायचं असतं हे बहुधा तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली राखाडी, धाकटी तांबूस. माझ्या नवऱ्याने मुलीसाठी म्हणून कुर्ल्याहून आणल्या तेव्हा बुटाच्या खोक्यात दोघी मावत होत्या. विकणारा म्हणाला होता, एवढेच राहतात साहेब. एवढेच कसले! खोकं गेलं, फळांचा क्रेट आला, क्रेट गेला, पिंजरा आला, आणि वर्षभरात पिंजराही भंगारात देऊन आख्खं मागीलदार त्यांच्या नावावर झालं. मुलीची हौस तोवर फिटली होती. आमचं घर कांजूरमार्गला, बैठ्या चाळीत, शेवटचं. म्हणून मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा आहे. मी तिथे वॉशिंग मशीन ठेवणार होते. ते स्वप्न अजून स्वप्नच आहे.

सशांना वाढवलं माझ्या सासूबाईंनी. आणि दोघी एवढ्या मोठ्या झाल्या त्याचं सगळं श्रेय त्यांनी बिनधास्त स्वतःकडे घेतलं. जनावरांच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की आजी, ही जातच मोठी असते, जायंट म्हणतात हिला, तुम्ही काहीही घातलं असतं तरी हिने एवढंच व्हायचं होतं. सासूबाईंनी मान डोलावली, दवाखान्यातून बाहेर पडल्या आणि रिक्षात बसता बसता मला म्हणाल्या, "त्या डॉक्टराक काय ठावक? मुळ्याचो पालो कोण घालता?"

पण खरं सांगू? हात जोडावेत असंच त्यांचं काम. दोन्ही गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी चहाच्या आधी मागीलदार झाडून, धुऊन, कोरडं सुकं गवत पसरून झालेलं. पत्र्यावर गोणपाट, गोणपाटावर दुधीचा वेल, म्हणजे उन्हाचा कवडसासुद्धा आत येऊ नये. आम्ही कांजूरला राहतो, वाऱ्याची दिशा फिरली की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास थेट ताटापर्यंत येतो. पण सशांचा वास आमच्या घरात कधी आला नाही. भाजीवाला मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या जाड काड्या, फ्लॉवरची पानं काढून ठेवतो, पण त्यातलंही पिवळं पान सासूबाई निवडून फेकतात. आम्हा मेल्यांना काल रात्रीची उसळ चालते, त्यांना नाही.

अशी ही बाई. गिरणी बंद पडून सासरे घरी बसले तेव्हा यांनी खानावळीच्या पोळ्या लाटल्या, पण शेजारून वाटीभर साखर मागून आणली नाही. मागणं हे त्यांच्या स्वभावातच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात चाळीने जे केलं तेही न मागताच केलं. या जातीला थंडी कितीही चालते, उकाडा मात्र अजिबात सोसत नाही. मार्च लागला की सासूबाई पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून सशांच्या अंगाशी ठेवत. आमच्या फ्रीजरमध्ये बाटल्या तरी किती मावणार? समोरच्या घरातल्या ताईंनी ते पाहिलं आणि एक दिवस चार बाटल्या उचलून घेऊन गेल्या, म्हणाल्या, आमच्याकडे आइस्क्रीम खाऊन सगळ्यांचे घसे बसतायत, त्यापेक्षा हे बरं. मग त्यांच्या शेजारच्यांनी नेल्या, मग कोपऱ्यावरच्यांनी. हळूहळू अशी वेळ आली की चाळीत कुणाचाही फ्रीजर उघडा, मटाराच्या पिशवीशेजारी आमच्या सशांची बाटली हजर. दुपारी कुणीतरी गोठलेली आणून देई, वितळलेली घेऊन जाई. मला तर या गोष्टीचं इतकं कौतुक वाटायचं की ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटायचे.

चाळीत एकाच बाईशी सासूबाईंचं वाजलं होतं, आणि ती म्हणजे आमची मासेवाली मावशी. ही कोळीण मावशी मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून दारावर येणारी. दोघींची रोज घासाघीस, रोज तोंडातोंडी, आणि रोज शेवटी मावशीची पाटी डोक्यावर चढवायला सासूबाईंचेच हात. मग दोन वर्षांपूर्वी एकदा मागचं दार उघडं होतं. मावशीने आत डोकावून थोरलीला पाहिलं आणि हसत म्हणाली, बाय, एवढं मटण पोसलंयस, सणाला माझ्याकडे दे, फुकट कापून देते. आता ही थट्टाच होती. आणि सासूबाईही काही माळकरी नव्हेत, वडे-सागोती असली की नळी चोखल्याशिवाय ताटावरून उठत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी हातातलं पापलेट पाटीत परत टाकलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद, मासे बंद. मासे आणायला स्टेशनवर जायचं काम नवऱ्याकडे आलं, आणि माझ्या नवऱ्याला ताजा बांगडा कुठला नि शिळा कुठला हे अजून कळत नाही. दोन म्हाताऱ्यांच्या हट्टापायी आमच्या जिभेची वाट लागली.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवार होता. आदल्या रात्री रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि आख्ख्या भागाची लाईट गेली. सकाळ झाली तरी पत्ता नाही. संध्याकाळपर्यंत येईल म्हणे. आम्ही माणसं पुठ्ठ्याने वारा घेत बसलो, पण सासूबाई दर थोड्या वेळाने मागे जाऊन सशांचे कान चाचपून बघत होत्या. चाळीतल्या सगळ्या फ्रीजरमधल्या बाटल्या एकेक करून आल्या आणि एकेक करून वितळल्या. शेवटची समोरच्या ताईंनी आणली तेव्हा तिच्यात बर्फाचा बोटभर खडा उरला होता.

धाकटी मोरीत ओल्या गोणपाटावर पसरली होती, तिचं ठीक होतं. थोरलीचं अंग तिच्याहून जड. दुपार व्हायला आली तशी ती कुशीवर कलंडली. कानांना हात लावला तर चटका बसावा इतके तापलेले. आणि तोंड उघडं. ससा तोंडाने श्वास घेत नाही. घ्यायला लागला की समजावं, आता वेळ फार नाही. हे आम्हाला माहीत होतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकदम गार पाण्यात घालू नका, धसक्याने जाईल. कान ओले करत राहा, फडक्यात बर्फ गुंडाळून अंगाच्या बाजूने लावा, आणि मुळीच हलवू नका. बर्फ! नवरा स्कूटर घेऊन सुटला. कोल्ड्रिंकच्या दुकानांत पाणी झालेलं. मी मोबाइलवर मागवायला गेले तर सगळीकडे ‘सध्या उपलब्ध नाही’. सगळ्या भागाने सकाळीच मागणी केली असणार. नवरा घामाघूम होऊन परत आला आणि म्हणाला, घाटकोपरला एसी मॉलमध्ये नेऊ या का हिला. मी त्याच्यावर खेकसले, डॉक्टर हलवू नका म्हणतायत आणि हा हिला मॉल दाखवायला निघालाय. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते मला नंतर दिसलं.

सासूबाई थोरलीशेजारी फरशीवर बसून ओल्या फडक्याने कान पुसत होत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मावशीची हाळी आली. आणि माशांच्या पाटीत बर्फ असतो.

मी उठले. म्हटलं, आई, तुम्ही बसा, मी मागते. माझं कुठे तिच्याशी भांडण आहे?

त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "भांडाण माजा," त्या म्हणाल्या, "तर मागतलंय पण मीयाच."

कठड्याला धरून त्या उठल्या. चप्पल घातली नाही. मी थोरलीचे कान नवऱ्याच्या हवाली केले आणि मागोमाग पुढच्या दारापर्यंत गेले. माझा जीव टांगणीला लागला होता, थोरलीसाठी आणि सासूबाईंसाठीसुद्धा. मावशी टोचून एखादं वाक्य बोलली असती ना, एकच, तरी तो तिचा हक्कच होता. आणि ते ऐकूनही या बाईला तिथेच उभं राहावं लागलं असतं.

मावशी दारासमोर आली. सासूबाई पायरी उतरल्या, दोन्ही हात वर करून तिची पाटी खाली घ्यायला लागल्या, जशा आधी रोज घेत. पाटी जमिनीला टेकली तेव्हा म्हणाल्या, "माका बर्फ होयो. थोरलेक."

मावशीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पाटीला हात घातला आणि म्हणाली, "धर ती बाजू."

दोघींनी मिळून ती गळकी पाटी पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून मागे नेली. माशांच्या पाण्याची धार घरभर. सासूबाई, ज्यांच्या स्वयंपाकघरात मी ओल्या पायाने गेले तरी ऐकून घ्यावं लागतं, त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मावशीने मासे मोरीशेजारी प्लॅस्टिकवर काढून ठेवले. मोठमोठ्या सुरमया, बांगडे, कोळंबी, सगळं तसंच भरलेलं. लाईट नाही म्हटल्यावर फ्रीज नाही, आणि फ्रीज नाही म्हटल्यावर लोक एका वेळेपुरतंच घेत होते. मग तिने खालचा बर्फ आमच्या टॉवेलांत ओतला. आम्ही पुरचुंड्या करून थोरलीच्या दोन्ही बाजूंना लावल्या, एक अंगाखालच्या गोणपाटाखाली सरकवली. मावशी स्वतःच्या पदराने वारा घालायला बसली.

बर्फ भराभर वितळत होता आणि ती नवा काढत होती. माझ्याने राहवेना. म्हटलं, मावशी, थोडा तरी ठेवा, तुमची रविवारची सगळी सुरमई जाईल.

"माझं गिऱ्हाईक उद्या बी येईल," ती वारा घालता घालता म्हणाली. "ही उद्या आसंल का?"

मी उठून उगाच आणखी एक टॉवेल शोधायला गेले.

वासाला चाळीतली सगळी मांजरं भिंतीवर जमली. एकीकडे मासे, एकीकडे ससे, त्यांना तर स्वर्गच उघडला होता. नवऱ्याला हातात झाडू देऊन तिथे उभं केलं, आणि हे काम त्याने झकास केलं. किती वेळ गेला देव जाणे. आधी थोरलीचं तोंड मिटलं. मग पोटाची धाप कमी झाली. मग कान जरा निवला, सासूबाईंनी माझा हात धरून तिथे ठेवून दाखवला. बऱ्याच वेळाने तिने मान उचलली, एवढ्या सगळ्या बायका आपल्याभोवती का बसल्यात ते पाहिलं, आणि पुढचा पाय चाटून तोंड पुसायला घेतलं. सासूबाईंनी कोथिंबिरीची काडी पुढे केली. तिने हुंगली, विचार केला आणि खाल्ली. ती काडी तोंडात सरकत आत जाताना पाहणं, यापेक्षा सुंदर मी त्या वर्षात काही पाहिलं नाही, आणि हे मी अगदी शुद्धीवर राहून सांगतेय.

मग मासे. ते आता टिकणार नव्हते. सासूबाई मावशीला म्हणाल्या, कोयता काढ, आणि स्वतः विळी घेऊन बसल्या. दोघींनी सगळी पाटी साफ केली. मिक्सर बंद, त्यामुळे पाट्यावर वाटण वाटायचं माझ्या नशिबी आलं. खांदे भरून आले, पण तक्रार कुणाकडे करणार? बाटली ठेवणाऱ्या प्रत्येक घरात त्या दिवशी माशांचं तिखलं किंवा तळलेली तुकडी गेली. समोरच्या ताईंनी भाकऱ्या थापून दिल्या. पैसे घे, नको, घे, नको, यावरून सासूबाई नि मावशीची पुन्हा जुंपली. शेवटी सासूबाईंनी नोटा मावशीच्या कमरेच्या पिशवीत कोंबल्या तेव्हा कुठे मिटलं.

उन्हं उतरल्यावर मावशी निघाली. सासूबाईंनी रिकामी पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. पायरीवर उभ्या राहून जरा खाकरल्या. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, उद्यापासून आमच्या दाराकडेव हाळी घाल गो.

मावशी वळली. तिचा आवाज एरवी तीन गल्ल्यांत जातो, पण आता ती हळूच बोलली. "मी रोजच घालते, बाय. दोन वरसं झाली. तुझ्या दाराशी थांबल्याबिगर मी पुढं गेलेच नाय."

सासूबाईंनी मान खाली घातली.

"आयकतंय मी," त्या म्हणाल्या. "दाराआड उभी ऱ्हवान रोज आयकतंय."