बाबांच्या गाडीचा चोक

आमची गाडी सुधारली, यात वादच नाही. आधी ती सकाळी चालू व्हायला रुसलेल्या जावयासारखी मनधरणी करून घ्यायची; आता चावी फिरवली की चालू. पेट्रोलचा वास गेला, चढावर धापा टाकणं गेलं. जुन्या गाडीला नवे भाग बसवावेत का, असं मला कुणी विचारलं तर मी बसवा म्हणेन. फक्त आधी ज्याची गाडी आहे त्याला विचारा, एवढं जोडीन. मी विचारलं नव्हतं.

दोन दरवाज्यांची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. वरचं कापडी छत मागे दुमडता येतं. बाबांनी ती हैदराबादहून जवळपास भंगाराच्या भावात आणली तेव्हा ते भोकरदन तालुक्यात, आमच्या गावी, शाळेत मास्तर होते. आईने कित्येक दिवस अबोला धरला. जिच्यात धड कुटुंब मावत नाही ती गाडी काय कामाची, हा तिचा सवाल. बाबांचं उत्तर ठरलेलं, "नवरदेव मावतो की."

आणि ती गाडी नवरदेवांचीच झाली. आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरांच्या वराती तिच्यातून निघू लागल्या. आजोबांच्या काळी आपली वरात गावच्या मोठ्या रस्त्याने जात नसे, हे बाबांनी कधी भाषण देऊन सांगितलं नाही. वरात त्या रस्त्यावर आली की ते गाडी पहिल्या गिअरमध्ये घालायचे आणि अगदी सावकाश न्यायचे, एवढंच.

गाडी चालू करणं मात्र त्यांनाच जमायचं. आधी ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून डॅशबोर्डवरची चोकची मूठ पूर्ण बाहेर ओढायची, जरा थांबायचं, मग चावी. इंजिन खोकलं की मूठ हळूहळू आत सोडायची. किती हळू, ते त्यांच्या बोटांना ठाऊक. त्यामुळे कुणाकडे लग्न निघालं की निरोप यायचा, "गुरुजी, गाडी घेऊन तुम्हीच या." तिथे त्यांना फेटा बांधायचे, मानाने पुढे बसवायचे. आई गेली, आम्ही जालन्याला राहायला आलो, बाबा निवृत्त झाले. तरी लग्नसराईत त्यांना घरी बसायला फुरसत नसे.

मग गाडीतून पेट्रोल गळू लागलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या बदलून भागलं असतं. पण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्यांना धुळीपासून लांब ठेवायला सांगितलं, आणि मी ती संधी साधली. गाडी नवीन जालन्यात, मी नोकरी करते त्या बँकेजवळच्या गॅरेजमध्ये टाकली. कार्बोरेटर काढून पेट्रोल आपोआप मोजून सोडणारं इंजेक्शनचं किट बसवलं, टाकीशी विजेवर चालणारा पंप, नवे पाइप. मुठीला जोडलेली चोकची केबल निघाली. मूठ काढू का, असं मेकॅनिकने विचारलं तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, शोभेला बरी दिसते.

बाबांना सुखद धक्का द्यायचा होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं. लहानपणापासून मला ती गाडी चालवायची होती आणि बाबा म्हणायचे, तिला माझ्या हाताची सवय आहे. ते डोळ्यांत थेंब घालून पडून होते तेव्हा मी ती मिरवत बँकेत नेत होते. भेटेल त्याला सांगत होते, आता कुणीही चालवावी अशी झालीय.

बरे झाल्यावर बाबांनी पहिल्यांदा मूठ ओढली तेव्हा ती लुळी पडल्यासारखी हातात आली.

"हिच्या मागं काही न्हाई का आता?"

"गरजच न्हाई, बाबा. सगळं आपोआप होतं."

"बराबर केलंस," ते म्हणाले आणि मूठ आत ढकलून ठेवली.

पुढच्याच लग्नाला गावाकडची पोरं घरी आली. "गुरुजी, तुम्ही कशाला तकलीफ घेता? चावी तेवढी द्या. आता कोनीबी चालवतंय म्हनं." बाबांनी चावी दिली. इस्त्री केलेला पांढरा शर्ट अंगात होता, तो त्यांनी संध्याकाळपर्यंत काढला नाही. गाडी परत आली ती झेंडूच्या पाकळ्या आणि गुरुजींसाठी बुंदीचा पुडा घेऊन. पुडा त्यांनी उघडलाही नाही. त्यानंतरच्या लग्नालाही तसंच झालं. ते माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

परवा केदारखेड्याच्या लग्नासाठी नवरदेवाचा भाऊ चावी मागायला आला. बाबा आतल्या खोलीत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी पुन्हा बिघडलीय. बाबांशिवाय चालूच होत नाही."

"बिलकुलच न्हाई? आमी तर तिच्याच भरोशावर होतो."

आतून कॉट करकरली. बाबांनी ऐकलं होतं. जन्मभर त्यांनी पोरांना एकच शिकवलं, मार खा पण खोटं बोलू नका. ते शर्टाची बटणं लावत बाहेर आले, चावी घेतली, अंगणात जाऊन गाडीत बसले. आता नुसती चावी फिरवतील आणि मी तोंडावर आपटेन, हे मी धरूनच चालले.

त्यांनी ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. मूठ पूर्ण बाहेर ओढली. जरा थांबले. चावी फिरवली. इंजिन न खोकता लागलीच चालू झालं, तरी ते कान देऊन ऐकत राहिले.

"मानलं गुरुजी! हे तुम्हालाच जमतंय. मंग चला, तुम्हीच चला," तो पोरगा म्हणाला.

बाबांनी होकारार्थी मान हलवली. ज्या मुठीच्या मागे काहीच नव्हतं ती ते पूर्वीसारखीच हळूहळू आत सोडत होते, आणि ती पूर्ण आत जाईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.